केबल: घरची की दुकानची?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८५ या कॅल्क्युलेटरच्या खालच्या कडेला एक गोल भोक आहे. व्यास अडीच मिलिमीटर. जुन्या मोबाइलच्या हेडफोनची पिन जाई, तेवढंच. १९९२ साली हा कॅल्क्युलेटर बाजारात आला आणि त्याच्याबरोबर एक आखूड वायर आली, दोन्ही टोकांना सारखीच पिन असलेली. एक टोक आपल्या यंत्रात, दुसरं शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या यंत्रात, आणि त्याने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्याकडे. आधीच्या टीआय-८१ला, म्हणजे १९९०च्या मॉडेलला, हे भोक नव्हतं. तिथे मित्राचा प्रोग्रॅम हवा असेल तर वहीत उतरवून घ्यायचा आणि घरी जाऊन एकेक कळ दाबत बसायचं.

दोन कॅल्क्युलेटर असे एकमेकांशी बोलायला लागल्यावर पोरांच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला नसता तरच नवल. याच भोकातून कॉम्प्युटरशी बोलता येईल का? येत होतं. कंपनी त्यासाठी ‘ग्राफ लिंक’ नावाची केबल वेगळी विकत असे. पण कॅल्क्युलेटरलाच भरपूर डॉलर मोजून झाल्यावर वर वायरीसाठी पुन्हा खिशात हात घालायचा, हे शाळकरी मुलांना पटत नव्हतं. शिवाय त्यांतल्या काहींनी ते भोक निरखून पाहिलं होतं. आत तीनच संपर्क आहेत. तीन तारांना एवढे पैसे?

ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आणि युरोपातली. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर सहसा चालत नाही, आणि इंजिनिअरिंगला गेल्यावर हाती येतो तो कॅसिओचा एफएक्स-९९१. त्याला असं भोक नाही. अमेरिकेत १९९४पासून ‘सॅट’ परीक्षेत कॅल्क्युलेटर चालू लागला आणि १९९५ला ‘एपी कॅल्क्युलस’च्या परीक्षेत तर आलेख काढणारा कॅल्क्युलेटर सक्तीचा झाला. म्हणजे लाखो मुलांच्या दप्तरात एक छोटा संगणकच आला: झायलॉगचा झेड-८० प्रोसेसर, ३२ किलोबाइट मेमरी, चार बारके सेल. तिकडे शिकणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही आई-वडिलांकडे या यंत्रासाठी हट्ट धरावा लागला नाही. ते शाळेच्या यादीतच होतं.

त्या छोट्या संगणकात काय घालायचं हे मात्र कंपनीने ठरवून ठेवलं होतं. टीआय-८५मध्ये बेसिकसारख्या संथ भाषेत प्रोग्रॅम लिहिता येई. प्रोसेसरच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे असेंब्लीत, अधिकृतपणे लिहिता येत नसे. १९९४मध्ये ‘झेडशेल’ नावाच्या प्रोग्रॅमने हे कुंपण ओलांडलं, आणि तेही याच भोकातून. संपूर्ण मेमरीची नक्कल (बॅकअप) केबलमधून कॉम्प्युटरवर आणायची, तिथे तिच्यात काही बाइट बदलायचे आणि तीच नक्कल कॅल्क्युलेटरला परत पाठवायची. कॅल्क्युलेटर ती बिनबोभाट गिळायचा. मग कस्टम मेनूतली एक नोंद निवडली की प्रोसेसर परक्या कोडमध्ये उडी मारायचा. त्यानंतर टेट्रिससारखे झपाझप पळणारे खेळ वर्गावर्गांत पोचले. केबल नसेल तर यातलं काहीही शक्य नव्हतं. तेव्हापासून ‘केबल विकत घ्यावी की बनवावी’ हा प्रश्न नुसत्या बचतीचा राहिला नाही.

बनवता येईल का, याचं उत्तर त्या तीन संपर्कांच्या वागण्यात आहे, म्हणून जरा तिथे थांबू.

तीनपैकी एक संपर्क जमिनीचा, म्हणजे शून्य व्होल्टचा. उरलेले दोन कामाचे. केबल सोलली की आतल्या तारांचे जे रंग दिसत त्यावरून त्यांना लाल आणि पांढरी अशीच नावं पडली: लाल तार पिनेच्या टोकाला, पांढरी मधल्या कड्याला. काही चालू नसताना दोन्ही तारा पाच व्होल्टच्या आसपास असतात. पण कुणी त्या तिथे दाबून धरलेल्या नसतात. आतल्या रेझिस्टरमुळे त्या स्प्रिंगसारख्या अलगद वर राहिलेल्या असतात. दोन्हीपैकी कुठलंही यंत्र त्यांना खाली, शून्याकडे, ओढू शकतं. वर ढकलण्याची परवानगी कुणालाच नाही. सोडून दिली की तार आपली आपण वर जाते.

विहिरीचा गाळ काढताना एक माणूस खाली उतरलेला असतो आणि एक काठावर. आवाज नीट पोचत नाही, म्हणून दोर हलवून खुणा करायच्या. समजा असे दोन दोर आहेत, लाल आणि पांढरा. वरच्याला ‘शून्य’ कळवायचं आहे. तो लाल दोर ओढून धरतो. खालच्याला ते जाणवलं की तो पांढरा ओढतो: समजलं. आता वरचा लाल सोडतो. लाल सुटलेला पाहून खालचा पांढरा सोडतो. दोन्ही दोर मोकळे, एक बिट पोचला. ‘एक’ कळवायचा असेल तर सगळं उलट. पाठवणारा पांढरा ओढतो, घेणारा लाल ओढून पावती देतो. असं आठ वेळा झालं की एक बाइट, सगळ्यांत कमी किमतीचा बिट आधी.

या पद्धतीत घड्याळ कुठेच नाही. नेहमीच्या सिरियल संवादात दोन्ही बाजूंनी आधी वेग ठरवावा लागतो आणि तो काटेकोर पाळावा लागतो. सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाएवढी गफलत झाली तरी अक्षर चुकतं. इथे मात्र समोरचा जोवर ‘समजलं’ म्हणत नाही तोवर पहिला दोर धरून उभा. कॉम्प्युटर मंद आहे? चालेल. मध्येच दुसऱ्या कामाला गेला? थोडा वेळ तेही चालेल. फारच वेळ लागला तर मात्र कॅल्क्युलेटर वैतागून पडद्यावर ‘एरर: लिंक’ दाखवतो. संदेशाच्या शेवटी सगळ्या बाइटांची बेरीज पाठवलेली असते, त्यामुळे एखादा बिट चुकलाच तर तो पकडला जातो. ज्या कुणी हा संवाद आखला त्याने केबल स्वस्त राहावी एवढाच विचार केला असेल. पण घरी बसून डाग देणाऱ्या पोरांसाठी यापेक्षा सोयीचं काही आखता आलं नसतं.

आता कॉम्प्युटरची बाजू. त्या काळच्या प्रत्येक पीसीच्या पाठीला प्रिंटरसाठी पंचवीस पिनांचं पॅरलल पोर्ट असे. त्याची मजा अशी की त्याच्या आठ डेटा पिना म्हणजे थेट आठ बटणं होती. ८८८ या पत्त्यावर एक आकडा लिहिला की त्या आकड्यातल्या बिटांप्रमाणे पिना पाच व्होल्ट किंवा शून्य होत. पुढच्याच ८८९ या पत्त्यावर प्रिंटरकडून येणाऱ्या खुणा वाचता येत: कागद संपला, काम चालू आहे, वगैरे. प्रिंटरऐवजी कॅल्क्युलेटर लावला तर ‘कागद संपला’ची पिन लाल तारेची खबर देऊ शकते. दोन पिना ओढायला, दोन पाहायला, एक जमिनीला. झाली केबल.

जवळजवळ झाली, म्हणू. पॅरलल पोर्टच्या डेटा पिना स्प्रिंगसारख्या अलगद वर नसतात; त्या जोर लावून वर धरलेल्या असतात. कॅल्क्युलेटरने तार खाली ओढायला घेतली आणि त्याच वेळी कॉम्प्युटर ती वर दाबून बसला, तर दोघांत रस्सीखेच. बिट तर पोचत नाहीच, वर कुणाचा तरी ट्रान्झिस्टर तापतो. म्हणून प्रत्येक डेटा पिन आणि तार यांच्यामध्ये एक डायोड घालायचा, असा फिरवून की प्रवाह तारेकडून पिनेकडेच जाईल. मग पिन शून्यावर गेली की तार खाली ओढली जाते, आणि पिन पाच व्होल्टवर गेली की डायोड दार बंद करतो, तार मोकळी. ढकलणाऱ्या पिनेला फक्त ओढायला शिकवायचं काम तो करतो. डायोड उलटा लागला तर केबल मुकी होते. नव्या हाताची सगळ्यांत ठरलेली चूक हीच. डायोडवरची काळी पट्टी पिनेच्या बाजूला, एवढं ध्यानात ठेवलं की पुरतं.

सिरियल पोर्टवरही घरची केबल होत असे, पण तिथे सावधगिरी जास्त लागे. सिरियल पोर्टच्या तारा पाच आणि शून्य व्होल्टमध्ये खेळत नाहीत. अधिक बारा ते उणे बाराच्या आसपास झोके घेतात. ते थेट कॅल्क्युलेटरच्या तोंडात दिले तर सेल उलटे घातल्यापेक्षा वाईट. म्हणून जास्तीचं व्होल्टेज छाटायला आणि उणे व्होल्टेज अडवायला काही डायोड-रेझिस्टर वाढत. शिवाय डेटाच्या नेहमीच्या तारा इथे निरुपयोगी. मॉडेमला ‘मी तयार आहे’, ‘पाठवू का?’ असं विचारायच्या ज्या बाजूच्या तारा असतात, त्याच दोरासारख्या ओढायच्या आणि सोडायच्या. कंपनीची स्वस्तातली काळी ग्राफ लिंक हेच करत असे. ती आपली वीजही त्या बाजूच्या तारांतूनच घेई.

कंपनीची करड्या रंगाची महाग केबल मात्र वेगळ्या जातीची. तिच्या डबीत छोटा मायक्रोकंट्रोलर होता. कॉम्प्युटरशी ती साध्या सिरियल भाषेत ९६०० बॉडने बोले आणि कॅल्क्युलेटरशी दोन दोरांच्या खुणांनी. मधल्यामध्ये दुभाष्याचं काम. त्यामुळे ती मॅकिंटॉशवरही चाले. त्या वेगाला सेकंदाला सुमारे ९६० बाइट जातात, म्हणजे टीआय-८५ची वापरता येणारी २८ किलोबाइट मेमरी अर्ध्या मिनिटात बाहेर.

माझ्या मते केबलच्या सगळ्या वादाचं मूळ इथे आहे. दोर ओढणं-सोडणं हे काम कुणीतरी केलंच पाहिजे. करडी केबल ते स्वतः करते, म्हणून ती शहाणी आणि महाग. घरची केबल वेडी. तिच्यातले दोन-चार डायोड काहीच ठरवत नाहीत, सगळं ओझं कॉम्प्युटरवर. आपण पैसे वाचवले असं केबल बनवणाऱ्याला वाटे. खरं तर त्याने केबलचं डोकं कॉम्प्युटरकडून उसनं घेतलेलं असे. कॉम्प्युटर रिकामा असेपर्यंत हा सौदा उत्तम होता.

(पैशांचा हिशेबही थोडा तपासून घ्यावा. सुटे भाग किरकोळ किमतीचे, हे खरं. पण ‘फुकटात झाली’ म्हणणारा सोल्डरिंग आयर्नची किंमत कधी धरत नाही, जळलेली बोटं धरत नाही, आणि पहिल्या फसलेल्या केबलचे भागही धरत नाही.)

प्रत्यक्ष बनवताना खरी अडचण डायोडची नसे, पिनेची असे. साडेतीन मिलिमीटरची हेडफोनची पिन कुठेही मिळे; अडीचची तीन भागांची, म्हणजे स्टिरिओ पिन शोधावी लागे. अमेरिकेत तेव्हा गल्लोगल्ली असलेल्या रेडिओशॅकमध्ये ती मिळाली तर नशीब. मोनो पिन चुकून लावली तर तिचं लांब बूड पांढऱ्या तारेला कायमचं जमिनीशी जोडतं, आणि एक दोर सतत ओढलेलाच राहतो. यावर धीट मुलांचा उपाय होता: कॅल्क्युलेटरबरोबर आलेली वायर मधोमध कापायची. तिच्यात मुळात दोन पिना, म्हणजे दोन केबली होतात. एक आपली, एक मित्राची. मित्राशी थेट प्रोग्रॅम बदलायची वायर मात्र गेली. पण कॉम्प्युटर मिळाल्यावर तिची आठवण कुणाला?

दुसऱ्या कंपन्यांच्या गोष्टी लहान आहेत. ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-४८ने आपल्या पोर्टवर सरळ नेहमीचा सिरियल संवादच ठेवला होता, आणि आत ‘कर्मिट’ ही कोलंबिया विद्यापीठात १९८१मध्ये जन्मलेली फाइल पाठवण्याची पद्धतही. तिथे केबलला ना डायोड लागे ना डोकं. इकडचं तोंड तिकडच्या कानाला आणि तिकडचं तोंड इकडच्या कानाला जोडलं की काम झालं. डोकेदुखी होती ती चार बारीक काड्यांच्या चमत्कारिक पोर्टची. कुणाच्या तरी लक्षात आलं की सीडी-ड्राइव्हची ध्वनीची वायर साउंड कार्डला जिथे जोडली जाते, तो प्लास्टिकचा तुकडा या काड्यांवर बसतो. कॅसिओच्या आलेखवाल्या यंत्रांनाही अडीच मिलिमीटरचंच भोक, पण भाषा साध्या सिरियलची; तिथे मॅक्स२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप आणि चार कपॅसिटर लागत.

घरच्या केबलचे दिवस फिरले ते कॅल्क्युलेटरमुळे नाही. विंडोज ९५ आणि ९८ होते तोवर कुठलाही प्रोग्रॅम ८८८ पत्त्यावर हवं ते लिहू शकत होता. विंडोज एनटी, २००० आणि एक्सपी यांनी त्याला मनाई केली: पोर्टला हात लावायचा तर खास ड्रायव्हरमार्फत. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच होतं ते, पण वेड्या केबलचा मालक एका फटक्यात परावलंबी झाला. मग लॅपटॉपवरून पॅरलल पोर्टच गेलं. सिरियलही गेलं. उरलं यूएसबी.

यूएसबीला सिरियल पोर्ट जोडणारे छोटे अडॅप्टर मिळतात, त्यांवर जुनी सिरियल केबल चालेल असं अनेकांना वाटलं. गणित करून पाहू. यूएसबीची गाडी साधारण दर एक मिलिसेकंदाला सुटते. एका बिटासाठी कॉम्प्युटरला चार फेऱ्या लागतात: दोर ओढ, पावती पाहा, दोर सोड, पावती सुटली का ते पाहा. म्हणजे सगळं उत्तम जमलं तरी बाइटाला ३२ मिलिसेकंद. २८ किलोबाइटला पंधरा मिनिटं! करडी केबल हेच अर्ध्या मिनिटात करत होती. एवढा वेगवान कॉम्प्युटर आणि एवढी संथ केबल, कारण प्रत्येक ओढीसाठी डोक्याला लांबचा प्रवास करावा लागतो. कंपनीच्या चंदेरी यूएसबी केबलमध्ये डोकं पुन्हा केबलच्या डबीत होतं, आणि तिच्याशी दोन-चार डायोडांनी बरोबरी करणं शक्य नव्हतं. इथे ‘विकत घ्या’वाले जिंकले.

२००४च्या टीआय-८४ प्लसमध्ये तर कॅल्क्युलेटरलाच मिनी-यूएसबी पोर्ट आलं. अडीचचं भोक शेजारी तसंच होतं. २०१५च्या टीआय-८४ प्लस सीईमध्ये तेही काढलं. आता केबल म्हणजे कॅमेऱ्याबरोबर यायची तीच, कुठल्याही ड्रॉवरमध्ये सापडणारी. बनवायची की विकत घ्यायची हा प्रश्नच निकालात निघाला, आणि गंमत बघा, २०२०मध्ये कंपनीने नव्या ऑपरेटिंग सिस्टिममधून या यंत्रांवर असेंब्ली आणि सीमधले प्रोग्रॅम चालवायची सोय काढून घेतली. १९९४ला दार उघडं होतं आणि तिथवर जायची वाट मिळत नव्हती. आता वाट सगळ्यांच्या घरात आहे, दार मात्र बंद.

मग आज एखाद्याच्या हाती जुना टीआय-८३ किंवा ८५ आला तर? परदेशातून परतलेल्या घरांत असे कॅल्क्युलेटर माळ्यावर पडलेले असतात. आतले प्रोग्रॅम एकदा बाहेर काढायचे आणि विषय संपवायचा, एवढंच काम असेल तर वापरलेली चंदेरी केबल शोधा आणि विकत घ्या. बनवण्यात संध्याकाळ घालवू नका. पण यंत्र कसं बोलतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर घरची केबल आज पूर्वीपेक्षा सोपी आहे. पाच व्होल्टवर चालणारा अर्डुइनो उनो बोर्ड घ्या. त्याची कुठलीही पिन प्रोग्रॅममधून दोन अवस्थांत ठेवता येते: एक तर तिला शून्यावर खेचायची, नाही तर सोडून देऊन नुसतं पाहत बसायचं. दोर ओढायला आणि सोडायला नेमकं हेच लागतं. डायोडही नको. लाल तार एका पिनेला, पांढरी दुसरीला, जमीन जमिनीला. दोर ओढायचं सगळं काम बोर्ड कॅल्क्युलेटरच्या शेजारी बसून करतो आणि कॉम्प्युटरला तयार बाइट देतो. कंपनीची करडी केबल हेच करत होती. एक मात्र करू नका: ‘वर’ची खूण द्यायला पिन पाच व्होल्टवर ढकलू नका, नाहीतर तीच जुनी रस्सीखेच सुरू होईल.

तारांच्या रंगांवरही विसंबू नका. दुसऱ्या कंपनीच्या वायरीत लाल तार टोकाला असेलच असं नाही. मल्टिमीटर लावून तपासा. बाकीचं सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळेल. दुकानात ‘अडीचची स्टिरिओ पिन’ असं स्पष्ट सांगा, आणि पिनेवर दोन काळ्या कड्या मोजूनच पैसे द्या. एकच कडी असेल तर ती मोनो.